गोळी मिळेना, गणित सुटेना!

पुण्याहून संगमनेरला ॲडमिशन घेतली तेव्हा बॅगेत ड्राफ्टर, आईचे लाडू आणि महिनाभराच्या गोळ्या होत्या. मला एडीएचडी आहे, मिथाइलफेनिडेट घेतो. लाडू आठवड्यात संपले, गोळ्या एम-वनच्या टेस्टच्या तोंडावर!

मेडिकलवाला म्हणाला, "ही शेड्यूल एक्सची, आम्ही नाही ठेवत." मला नशेबाज समजतोय की काय? पण कारण कायद्यात आहे. या औषधाला दुकानाचं वेगळं लायसन्स लागतं, साठा कुलपात ठेवावा लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते. एक प्रत दुकानदाराने दोन वर्षं जपायची. पुण्याच्या डॉक्टरांना फोन केला, तर २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांमुळे हे औषध फोनवर लिहून देता येत नाही.

शेवटी लोणीच्या मेडिकल कॉलेजचा मानसोपचार विभाग गाठला. नव्या डॉक्टरांनी आधी शाळेची प्रगतिपुस्तकं मागितली, कारण निदानासाठी लक्षणं बारा वर्षांच्या आतली दिसावी लागतात. आईने ती एसटीने पाठवली. चौथीतला शेरा: "हुशार आहे, पण जागेवर बसत नाही." चिठ्ठी मिळाली. टेस्ट मात्र गेली ती गेलीच!

तेव्हा गाव सोडण्याआधी डॉक्टरांकडून निदान आणि डोसचं पत्र घ्या. अन् प्रगतिपुस्तकं रद्दीत घालू नका.