मेडिकल रेकॉर्डचा कोर्स : पैसे भरण्याआधी एवढं विचारा

कळंब तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीत मागच्या महिन्यात ६०,००० रुपयांच्या कर्जाची मागणी आली. कारण विचारलं तर ताई म्हणाल्या, "लेकीला हॉस्पिटलातल्या कॉम्प्युटरचा कोर्स करायचाय." माहितीपत्रकावर ‘हेल्थ इन्फॉर्मेशन मॅनेजमेंट डिप्लोमा, शंभर टक्के नोकरी’ असं छापलेलं. सर्टिफिकेट कोण देणार, ते मात्र कुठेच नव्हतं. आमच्या गटात व्याज शेकडा दोन. म्हणजे सुरुवातीला महिन्याला १,२०० रुपये नुसतं व्याजच.

काम खोटं नाही, हे आधी सांगते. आपण ॲडमिट होतो, डिस्चार्ज कार्ड घेऊन घरी येतो, पण आपली फाईल मागे राहते. ती पूर्ण आहे का बघणं, आजाराला ठरलेला कोड देणं, विम्याच्या किंवा महात्मा फुले योजनेच्या क्लेमसाठी कागद काढून देणं, जन्म-मृत्यूची माहिती २१ दिवसांच्या आत निबंधकाकडे पोचवणं, हे सगळं मेडिकल रेकॉर्डवाले बघतात. (जाता जाता : भरती झालेल्या पेशंटची नोंद किमान ३ वर्षं जपायची आणि पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत द्यायची, असा डॉक्टरांसाठी नियम आहे. कागद मागायला लाजू नका.) आता तर १४ अंकी आभा नंबर आलाय आणि नोंदी कॉम्प्युटरवर चालल्यात. २०२१ च्या केंद्राच्या कायद्यात या कामाला आरोग्य व्यवसाय म्हणून जागाही मिळाली आहे.

म्हणून पैसे भरण्याआधी पहिला प्रश्न : सर्टिफिकेटवर सही-शिक्का कुणाचा? विद्यापीठाचं नाव सांगितलं तर ते यूजीसीच्या बोगस विद्यापीठांच्या यादीत नाही ना, हे मोबाईलवर बघता येतं. घरबसल्या पदवी म्हणत असतील तर तिथेच थांबा. या कायद्याखाली येणारे आरोग्याचे कोर्स दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन द्यायला यूजीसीने २०२५ मध्ये बंदी घातली आहे.

दुसरा प्रश्न मुदतीचा. केंद्र सरकारचं मेडिकल रेकॉर्ड टेक्निशियनचं प्रशिक्षण ६ महिन्यांचं असतं. मग दोन वर्षांची फी घेणारा जास्तीचं काय शिकवतो, हे त्याला विचारायलाच पाहिजे. प्रत्यक्ष दवाखान्यात किती दिवस बसवणार, कोणत्या दवाखान्यात, तेही. मागच्या बॅचच्या दोन मुलींचे नंबर मागा आणि त्यांच्या आयांशी बोला. नोकरीची खरी गोष्ट तिथे कळते, माहितीपत्रकात नाही.

आता स्वस्तातले रस्ते. बारावीनंतर मान्यताप्राप्त पदवी करायची असेल तर २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रक्रियेतून झाला तरच. मॅनेजमेंट कोट्याला किंवा खासगी अभिमत विद्यापीठाला ही माफी नाही. त्यामुळे ‘हा कोर्स कॅप राउंडमधून भरतो का?’ एवढं एकच वाक्य विचारलं तरी बरंच कळतं. एससी-एसटीच्या मुलींनी शिष्यवृत्तीचं बघावं.

लवकर कमवायचं असेल तर सरकारी आयटीआयचा एक वर्षाचा कोपा ट्रेड आहे. कॉम्प्युटर पक्का होतो, दवाखान्यातलं काम मात्र नंतर शिकावं लागतं. आणि आपल्या अगदी जवळची गोष्ट म्हणजे डीडीयू-जीकेवाय. ही उमेदमधूनच चालते, ग्रामीण १५ ते ३५ वयाच्या मुलामुलींसाठी, बायकांना ४५ पर्यंत सूट. प्रशिक्षण फुकट. आरोग्याचे कोर्स त्यात असतात, पण प्रत्येक बॅचला हाच असेल असं नाही, म्हणून आधी विचारायचं. गटात असूनही हे कित्येक ताईंना माहीत नसतं, यात चूक आमचीही आहे.

त्या ताईंच्या गटाने कर्जाचा ठराव पुढच्या बैठकीपर्यंत थांबवलाय. लेक पंचायत समितीत जाऊन उमेदच्या कक्षात नाव देऊन आली. त्या संस्थेला आम्ही सर्टिफिकेटचा नमुना मागितला होता. पंधरा दिवस झाले, फोन उचलत नाहीत.