अभंग तुकोबांचा, चाल खळ्यांची, रेकॉर्डिंग कंपनीचं

भजनी मंडळातली मुलगी तुकोबांचा अभंग गाऊन यूट्यूबवर टाकते आणि दुसऱ्या दिवशी ‘कॉपीराइट क्लेम’ची सूचना येते. घरातली पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: ‘‘तुकोबांवर कसला आलाय कॉपीराइट?’’

तुकोबांवर नाहीच. पण गाणं ही एकच वस्तू नसते. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण अशा तीन वस्तू त्यात असतात, तिन्हींचे मालक वेगळे असू शकतात आणि मुदतीही वेगळ्या. लता मंगेशकरांच्या ‘अभंग तुकयाचे’मधले शब्द साऱ्या महाराष्ट्राचे, पण चाली श्रीनिवास खळे यांच्या. खळे २०११ साली गेले. आपल्या कायद्यात संगीतरचनेवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे या चाली २०७१ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. रेकॉर्डिंगचा हक्क सहसा कंपनीचा असतो आणि तो प्रकाशनापासून ६० वर्षांचा. मुलीने कंपनीचा ट्रॅक न वाजवता स्वतः पेटीवर गायलं, तरी चाल खळ्यांची असेल तर चालीची परवानगी लागते. तोच अभंग वारकऱ्यांच्या परंपरागत चालीत गायला, तर कुणालाही विचारायची गरज नाही.

अडचण अशी की हा फरक यंत्राला नेहमी कळतोच असं नाही. यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ यंत्रणा कंपन्यांनी दिलेल्या नमुन्यांशी आपला व्हिडिओ ताडून बघते. जुळलं की क्लेम. तो कोर्टाचा निकाल नव्हे. क्लेम आला की बहुतेक वेळा जाहिरातीचे पैसे दावा करणाऱ्याकडे वळतात. क्वचित व्हिडिओ अडवला जातो. ‘स्ट्राइक’ ही त्याहून गंभीर गोष्ट. हक्कधारकाने रीतसर तक्रार करून व्हिडिओ काढायला लावला की ती बसते, आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाल्या तर चॅनेल बंद होऊ शकतं. लोक या दोहोंत गल्लत करतात आणि घाबरून चांगला व्हिडिओ स्वतःच उडवतात. चाल खरोखर पारंपरिक असेल तर हरकत नोंदवावी. दावेदाराला उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात.

‘क्रेडिट दिलं की चालतं’, ‘तीस सेकंद चालतात’

दोन्ही चूक. नाव देणं हे सौजन्य आहे, परवानगी नव्हे. ‘सर्व हक्क मूळ मालकाचे’ अशी ओळ व्हिडिओखाली टाकणारा तर आपण दुसऱ्याचा माल वापरतोय याची स्वतःच लेखी कबुली देत असतो! तीस सेकंदांचा नियम कुठून आला कोण जाणे, कॉपीराइट कायद्यात असा आकडाच नाही. कलम ५२ सेकंद मोजत नाही, हेतू बघतं: खासगी वापर व अभ्यास, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन. सिनेमावर टीका करताना त्यातला प्रसंग दाखवणं वेगळं आणि साडीच्या जाहिरातीच्या रीलखाली तेच गाणं वाजवणं वेगळं.

‘नोंदणी केली नाही, म्हणजे हक्क नाही’

लिहिलं, त्या क्षणी हक्क निर्माण झाला. नोंदणी ऐच्छिक आहे. भांडण कोर्टात गेलं तर पुरावा म्हणून कामाला येते, एवढंच. व्हॉट्सअॅपवर कवीचं नाव गाळून फिरणारी कविता बेवारस होत नाही.

‘जुनं झालं की सगळ्यांचं’

किती जुनं, हा प्रश्न आहे. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांची पुस्तकं १ जानेवारी २०११ पासून मोकळी आहेत आणि ‘श्यामची आई’ आज कुणीही छापू शकतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हयातीत प्रकाशित केलेलं लेखन २०१७ पासून मोकळं झालं. पु. ल. देशपांडे २००० साली गेले. त्यांच्या लेखनासाठी २०६० संपेपर्यंत थांबावं लागेल, मग कथाकथनाचे कितीही व्हिडिओ फिरत असोत. एक खाचखळगा इथेही आहे: मूळ मजकूर मोकळा झाला तरी नव्या आवृत्तीतली चित्रं, प्रस्तावना, अनुवाद यांवर त्यांच्या कर्त्यांचा हक्क असतो. मुदत पूर्वी ५० वर्षं होती. रवींद्रनाथांचं साहित्य मोकळं व्हायची वेळ आली, तेव्हा कायदा बदलून ती ६० करण्यात आली.

‘एकदा सही केली, आता हातात काही नाही’

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हा. सांस्कृतिक धोरण म्हटलं की आपल्याकडे चर्चा अनुदान, पुरस्कार आणि नाट्यगृहांच्या दुरवस्थेवर अडते. कलावंताची कमाई मात्र कराराच्या कागदावर ठरते, आणि तो कागद फार थोडे लोक वाचतात.

१९७७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की वेगळा करार नसेल तर सिनेमासाठी करून घेतलेल्या गाण्यांचा मालक निर्माताच. गीतकार-संगीतकारांना एकरकमी पैसे घेऊन गप्प बसावं लागे. २०१२ च्या दुरुस्तीने हे बदललं. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी तिचा पाठपुरावा केला होता. आता गाणं सिनेमागृहाबाहेर रेडिओवर, अॅपवर, हॉटेलात वाजलं, तर रॉयल्टीतला वाटा गीतकार आणि संगीतकाराला सोडताच येत नाही. सोडल्याचं लिहून दिलं तरी ते लिखाण निरर्थक. मात्र हा पैसा घरपोच येत नाही. तो मुख्यतः आयपीआरएस या १९६९ पासूनच्या संस्थेमार्फत गोळा होतो. सभासद व्हावं लागतं, आपली गाणी तिथे नोंदवावी लागतात. मराठी गीतकार नेमके इथेच आळस करतात.

लेखकांसाठीही कायद्याने बरंच ठेवलं आहे. हक्क दिल्याची मुदत करारात लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. हक्क घेऊन प्रकाशकाने वर्षभरात ते वापरलेच नाहीत, तर करारात उलट काही नसल्यास ते परत येतात. आणि दुरुस्तीनंतरच्या करारात, सही करताना जे माध्यम व्यवहारात नव्हतं, ते स्पष्ट नाव घेतल्याशिवाय दिलं गेलं असं मानता येत नाही. म्हणून ‘सर्व माध्यमं, कायमस्वरूपी’ हे तीन शब्द दिसले की पेन खाली ठेवावं आणि विचारावं: ई-बुक, ऑडिओबुक, वेबमालिका, यांचे पैसे वेगळे का नाहीत?

‘लग्नात वाजवलं तर काही होत नाही’

अर्धं खरं. धार्मिक विधी, वरात आणि लग्नाशी निगडित समारंभांना कायद्यातच सूट आहे. तिच्या आधारे गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये लग्नातल्या गाण्यांसाठी परवानगीची सक्ती नको असं परिपत्रक काढलं, आणि ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते रद्द केलं. कायद्यातली सूट परिपत्रकाने रुंदावता येत नाही, हा मुद्दा होता. सूट कायम आहे, पण ती समारंभापुरती. त्याचा व्हिडिओ नंतर गाण्यासकट नेटवर चढवणं तिच्यात बसत नाही.

‘आवाज एआयचा, मग मालक कोण?’

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हुबेहूब नकली आवाजासाठी वेगळं कलम नाही, म्हणून मैदान मोकळं आहे असं अनेकांना वाटतं. जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंगच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम मनाई देताना गायकाचं नाव, आवाज आणि गाण्याची ढब यांना व्यक्तिमत्त्वाचा हक्क म्हणून संरक्षण दिलं. आवाज देणाऱ्या डबिंग कलाकारांनी, निवेदकांनी आणि ऑडिओबुक वाचणाऱ्यांनी करारात आता एक ओळ घालून घ्यायला हवी: हे ध्वनिमुद्रण एआयच्या प्रशिक्षणासाठी किंवा कृत्रिम आवाज बनवण्यासाठी लेखी परवानगीशिवाय वापरता येणार नाही.