दुर्मीळ म्हणजे किती दुर्मीळ?

गर्भाशयातील गाठींचा विषय शालेय विज्ञानाच्या पुस्तकात येत नाही. पण शिक्षकांच्या खोलीत तो वरचेवर येतो. चाळिशी ओलांडलेल्या चार जणी एकत्र बसल्या, की त्यांतल्या एकीला सोनोग्राफीत 'फायब्रॉइड' निघालेला असतो, दुसरीच्या बहिणीची 'पिशवी काढलेली' असते. मग येणारा प्रश्न ठरलेला असतो, "त्या गाठीत कॅन्सर तर नसेल ना?" डॉक्टरांचे उत्तरही बहुधा ठरलेले असते, "शक्यता अगदी कमी आहे." हे उत्तर खरे आहे. पण 'अगदी कमी' म्हणजे नेमके किती? आणि ते कोणी मोजले? या साध्या प्रश्नांमागे अलीकडच्या वैद्यकशास्त्रातील एक महत्त्वाची घटना आहे. ती समजून घेण्यासाठी आधी गाठीची ओळख करून घेऊ.

गाठ कशाची?

गर्भाशयाची भिंत जाड स्नायूंची असते. हे स्नायू हातापायांच्या स्नायूंसारखे आपल्या इच्छेने हलत नाहीत. जठर, आतडी, रक्तवाहिन्या यांच्या भिंतींत असतात तसे ते अनैच्छिक स्नायू होत. या भिंतीतील एखादी पेशी वाजवीपेक्षा जास्त वेळा विभागू लागते आणि तिच्या वंशजांची गोल, घट्ट गाठ तयार होते. हाच फायब्रॉइड. २०११ साली हेलसिंकी विद्यापीठातील संशोधकांना अशा गाठींपैकी सुमारे ७० टक्के गाठींत 'मेड-१२' नावाच्या जनुकात बदल झालेला आढळला. गाठींची वाढ ईस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांवर अवलंबून असते. म्हणूनच पाळी गेल्यावर त्या बहुधा आक्रसतात.

या गाठी किती सर्रास आढळतात याची कल्पना अनेकांना नसते. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार पन्नाशीपर्यंत गोऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के आणि कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जणींच्या गर्भाशयात त्या झालेल्या असतात. बहुतेकींना त्यांचा पत्ताही नसतो. काहींना मात्र पाळीत खूप रक्तस्राव होतो, रक्तातील हिमोग्लोबिन उतरते, ओटीपोट जड वाटते, वारंवार लघवीला जावे लागते. उपचारांची गरज असते ती यांना.

याच अनैच्छिक स्नायूंत एक कर्करोगही होतो. त्याचे नाव लायोमायोसार्कोमा. साधी गाठ वाढता वाढता कर्करोगाची होते असा सर्वसाधारण समज आहे, पण तसे क्वचितच घडत असावे. बहुतेक वेळा हा कर्करोग मुळातच वेगळा सुरू होतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो ओळखण्याच्या मुख्य खुणा तीन आहेत : पेशींची केंद्रके बेढब असणे, विभाजन पावत असलेल्या पेशी मोठ्या संख्येने दिसणे आणि गाठीतील काही पेशीसमूह मृत झालेले असणे.

अडचण अशी, की या खुणा शस्त्रक्रियेआधी दिसत नाहीत. सोनोग्राफी गाठीचा आकार आणि जागा सांगते, पेशींची केंद्रके दाखवत नाही. एम.आर.आय. तपासणीने संशय येऊ शकतो, खात्री होत नाही. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासला तरी भिंतीत दडलेली गाठ त्यात सापडेलच असे नाही. खरा निर्णय होतो तो गाठ बाहेर काढून तिचे पातळ काप पॅथॉलॉजिस्टने पाहिल्यावर. म्हणजे उत्तर हाती येते ते शस्त्रक्रिया होऊन गेल्यानंतर.

नारळ आणि बोटाएवढे छिद्र

पूर्वी अशा शस्त्रक्रियेसाठी पोटावर मोठा छेद घ्यावा लागे. दुर्बिणीची शस्त्रक्रिया आल्यावर बोटाएवढी छिद्रे पुरू लागली. मग प्रश्न आला, नारळाएवढी गाठ एवढ्याशा छिद्रातून बाहेर काढायची कशी? त्यावरचा उपाय म्हणजे विजेवर चालणारा मॉर्सेलेटर. एका नळीच्या टोकाशी वेगाने फिरणारे गोल पाते असते. ते गाठीच्या चकत्या-पट्ट्या करते आणि त्या नळीतून ओढून घेतल्या जातात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९५ साली स्त्रीरोगाच्या शस्त्रक्रियांसाठी असे यंत्र विकण्यास मुभा दिली. फायदे उघड होते : वेदना कमी, रक्तस्राव कमी, जखम चिघळण्याचा धोका कमी आणि लवकर घरी जाता येणे.

पण फिरणारे पाते पोटाच्या पोकळीत बारीक कण उडवते. साध्या गाठीचे कणसुद्धा कधी कधी पोटात इतरत्र रुजतात. गाठ कर्करोगाची असेल, तर तोवर गर्भाशयाच्या भिंतीत बंदिस्त असलेला रोग शस्त्रक्रियेच्या काही मिनिटांत पोटभर पेरला जाऊ शकतो.

डॉ. एमी रीड

२०१३ च्या ऑक्टोबरमध्ये बॉस्टन शहरात हेच घडले. रुग्ण स्वतः डॉक्टर होती. एमी रीड, वय ४०, भूलतज्ज्ञ आणि सहा मुलांची आई. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्यांत कर्करोगाचे चिन्ह नव्हते. गर्भाशय यंत्राने तुकडे करून काढण्यात आले आणि नंतर पॅथॉलॉजीचा अहवाल आला : लायोमायोसार्कोमा. तिचे पती हूमन नूरचश्म हृदयशल्यविशारद होते. दोघांनी मिळून या यंत्राविरुद्ध मोहीम उघडली. स्वतःचे उपचार चालू असताना एमी रीड अधिकाऱ्यांना आणि लोकप्रतिनिधींना लिहीत राहिल्या. मे २०१७ मध्ये वयाच्या ४४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता. हा धोका किती जणींना आहे? आश्चर्य म्हणजे याचे पक्के उत्तर कोणाकडेच नव्हते. यंत्र वापरात येऊन जवळपास वीस वर्षे झाली होती. तरीही त्याने कर्करोग पसरल्याच्या तक्रारी प्रशासनाकडे येऊ लागल्या त्या डिसेंबर २०१३ पासून. मग सप्टेंबर २०१६ पर्यंत अशा २८५ नोंदी झाल्या. आधीच्या वर्षांत काहीच घडत नव्हते असा याचा अर्थ नाही. घडत होते, पण त्याची बेरीज कोणी करत नव्हते.

अनुभव आणि मोजणी

असे का व्हावे? शल्यविशारदांनी लपवाछपवी केली असे समजण्याचे कारण नाही. येथे थोडे गणित करून पाहू. प्रशासनाने २०१४ साली काढलेला अंदाज असा होता, की गाठींसाठी शस्त्रक्रिया होणाऱ्या ४९८ स्त्रियांत एकीला हा कर्करोग असतो. सोयीसाठी ५०० त एक धरू. एक शल्यविशारद वर्षाला अशा ५० शस्त्रक्रिया करतो, म्हणजे दहा वर्षांत ५००. त्याला दहा वर्षांत एकही असा रुग्ण न भेटण्याची शक्यता किती? पाचशे अपूर्णांकांचा हा गुणाकार, म्हणजे ४९९/५०० चा पाचशेवा घात, सुमारे ०.३७ येतो. म्हणजे अशा शंभर अनुभवी शल्यविशारदांपैकी ३७ जण "माझ्या दहा वर्षांच्या अनुभवात असे कधी झाले नाही" असे अगदी प्रामाणिकपणे सांगू शकतील. उरलेल्यांपैकी अनेकांना एकच रुग्ण भेटेल आणि ते त्याला अपवाद म्हणतील. एका माणसाच्या अनुभवाला दुर्मीळ गोष्ट दिसत नाही. ती दिसण्यासाठी सर्वांचे अनुभव एका वहीत लिहावे लागतात.

मात्र मोजणी सुरू झाल्यावरही एकच आकडा मिळाला नाही. २०१५ च्या एका विश्लेषणात १९६० त एक असा अंदाज आला. त्याच विश्लेषणात, आधी स्त्रिया निवडून मग काय होते ते पाहणारे अभ्यास तेवढे घेतले, तर तो ८३०० त एक इतका खाली गेला. अमेरिकन सरकारच्याच दुसऱ्या एका संस्थेने २०१७ मध्ये ७७० त एकापासून दहा हजारांत एकाहूनही कमी, एवढी मोठी व्याप्ती दिली. ज्या रुग्णालयात कर्करोग सापडला तेथील डॉक्टर निबंध लिहितात. जेथे सापडला नाही तेथील बहुधा लिहीत नाहीत. त्यामुळे केवळ छापलेले निबंध चाळले तर धोका फुगलेला दिसतो. शिवाय वयाचाही परिणाम होतो. तिशीतील स्त्रीला धोका फार कमी, पन्नाशीनंतर तो वाढतो. दोघींना एकच सरासरी सांगणे बरोबर नाही.

काही डॉक्टरांनी दुसरी बाजूही मांडली. यंत्र बंद केले तर अनेक स्त्रियांवर पुन्हा मोठ्या छेदाची शस्त्रक्रिया होईल आणि तिच्यातही जंतुसंसर्ग, रक्तस्राव, रक्ताच्या गुठळ्या असे धोके आहेत. हा आक्षेप रास्त होता. अखेर मधला मार्ग निघाला. नोव्हेंबर २०१४ मध्ये यंत्रावर ठळक चौकटीत इशारा छापणे आले. त्याआधीच जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने आपली यंत्रे बाजारातून परत घेतली होती. २०२० मध्ये प्रशासनाने सांगितले, की यंत्र वापरायचेच तर गाठ एका बंद पिशवीत घालून त्या पिशवीतच तुकडे करावेत आणि पाळी गेलेल्या किंवा पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत गाठींसाठी ते वापरू नये.

ज्यांना हा कर्करोग झाला त्यांच्यासाठी उपचार अजूनही कठीण आहेत. शस्त्रक्रियेनंतरही रोग उलटण्याचे प्रमाण मोठे असल्याने दर काही महिन्यांनी छातीचा आणि पोटाचा सी.टी. स्कॅन करावा लागतो आणि अहवाल येईपर्यंतचे दिवस जड जातात. रोग दुर्मीळ म्हणून औषधांच्या चाचण्यांना पुरेसे रुग्णही मिळत नाहीत. तरी फ्रान्समध्ये पसरलेला किंवा काढता न येणारा लायोमायोसार्कोमा असलेल्या १५० रुग्णांवर झालेल्या चाचणीचे अंतिम निष्कर्ष २०२४ मध्ये आले. डॉक्सोरुबिसिनच्या जोडीला ट्रॅबेक्टेडिन दिल्यावर मध्यक आयुर्मान २४ महिन्यांवरून ३३ महिन्यांवर गेले. नऊ महिने हा आकडा कागदावर लहान दिसतो. ज्या घरात तो मोजला जातो तेथे तो लहान नसतो.

भीतीचाही धोका

हे सारे वाचून कोणी गाठ निघाली म्हणून घाईने पिशवी काढायला निघेल, तर लेखाचा हेतू फसेल. कर्करोगाच्या भीतीचा गैरवापर होतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यात ऊसतोडणी करणाऱ्या सुमारे ८२ हजार स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले होते. साध्या तक्रारींसाठी गेलेल्या अनेकींना कर्करोगाची भीती घालण्यात आली होती. बॉस्टनमध्ये धोका मोजला नाही म्हणून तो शून्य धरला गेला. बीडमध्ये तो मोजला नाही म्हणून वाटेल तेवढा वाढवता आला.

त्रास न देणारी गाठ बहुधा नुसती लक्ष ठेवण्याजोगी असते. शस्त्रक्रिया सुचवली गेली तर चार प्रश्न जरूर विचारावेत. शस्त्रक्रियेशिवाय दुसरा उपाय आहे का? माझ्या वयाला धोका किती? गाठ अखंड काढणार की तुकडे करून, आणि तुकडे करून असेल तर बंद पिशवीत का? काढलेली गाठ पॅथॉलॉजीला पाठवणार ना? शेवटच्या प्रश्नाचा लेखी अहवाल हाती घेऊन जपून ठेवावा. पाळी गेल्यानंतर गाठ वाढू लागली किंवा रक्तस्राव झाला, तर मात्र थांबू नये.

वर्गात हा विषय गर्भाशयाचे नाव न काढताही शिकवता येईल. एका पिशवीत १९ पांढरी आणि १ लाल अशी सारख्या आकाराची २० बटणे घाला. प्रत्येक विद्यार्थ्याने न बघता एक बटण काढून, रंग लिहून परत टाकायचे, असे वीस वेळा. चाळीस जणांच्या वर्गात साधारण चौदा जणांना लाल बटण एकदाही मिळणार नाही. त्यांना विचारा, पिशवीत लाल बटण आहे का? मग सगळ्यांच्या वह्यांतली बेरीज फळ्यावर मांडा.