गोंडीचे व्याकरण छापले, घरात बोलणार कोण?

किनवट म्हटले की सागवानाचे डोंगर आणि सहस्रकुंडचा धबधबा आठवतो. पण या डोंगरात मराठीखेरीज गोंडी आणि कोलामीही बोलली जाते, हे जिल्ह्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? दोन्ही भाषा द्राविडी कुळातल्या. १९५६ पर्यंत हा तालुका हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेत तो नांदेडकडे आला. गोंडांची सोयरीक मात्र सीमेपलीकडे तशीच राहिली.

या भाषांची पहिली दखल घेणाऱ्यांत आपल्याच भागातला माणूस आहे. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी आदिलाबादेत अधिकारी होते. कारभार करायचा तर लोकांची बोली आली पाहिजे, म्हणून ते गोंडी अन् कोलामी शिकले. दोन्हींची व्याकरणे त्यांनी लिहिली. कोलामीचे १९५० मध्ये छापले गेले. त्याआधी १९४३ पासून मारलवाईत हायमेंडॉर्फ यांच्या पुढाकाराने गोंड शिक्षक तयार होऊ लागले. त्यांची गोंडी पुस्तके देवनागरीतच होती.

पण व्याकरणाने भाषा टिकत नाही. ती टिकते दंडारीत आणि किंगरीवर. दिवाळीच्या सुमारास मोरपिसांचे टोप घालून घुसाडी नाचतात. मारलवाईच्या कनकराजू यांना याच नृत्यासाठी २०२१ चा पद्मश्री मिळाला. २०२४ मध्ये ते गेले. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. गंमत अशी की, हे परधान घरी मराठी बोलतात आणि देवांच्या, कुळांच्या कथा गोंडीत गातात. बापाने गायचे, पोराने ऐकायचे, हीच त्यांची शाळा. पोरगा कामाला बाहेरगावी गेला, की शाळा बंद!

२०११ च्या जनगणनेत देशात गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख, तर कोलामी बोलणारे सव्वा लाखाच्या घरात होते. दोन्ही भाषा आठव्या अनुसूचीत नाहीत. ‘गोंडी बोलून नोकरी लागते का?’ हा आईबापांचा सवालही खोटा नाही. मराठी, इंग्रजी पोरांना आलीच पाहिजे. पण त्यासाठी घरची बोली सोडावी लागत नाही.

१९९६ च्या पेसा कायद्याने परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. तालुक्यातील अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांनी तो वापरावा. अंगणवाडीत गोंडी, कोलामी जाणणारी बाई असावी. शाळेत महिन्यातून एकदा किंगरीवाल्या म्हाताऱ्याला मानधन देऊन बोलवावे. त्याची कथा मोबाईलवर उतरवून घ्यावी. तेवढे तर गावातल्या कोणत्याही पोराला जमते. म्हातारा आहे तोवरच हे काम होईल.