डोंग्यात पाय ठेवण्याआधी

23 जानेवारी 2024 रोजी चामोर्शी तालुक्यातल्या गणपूर (रै) गावच्या महिला मजूर मिरची तोडायला वैनगंगेपलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यात निघाल्या होत्या. वाटेत डोंगा उलटला आणि सहा जणींना जलसमाधी मिळाली. लाइफ जॅकेटची खरी गरज सहलीपुरती नसून रोजीरोटीसाठी नदी ओलांडणाऱ्यांना आहे, हे या घटनेने दाखवून दिले.

छातीत हवा भरलेली असेल तर शरीर पाण्यावर जेमतेम तरंगते. नाकतोंड मात्र वर राहीलच असे नाही. डोक्याचे वजन चार-पाच किलो असते आणि ते पाण्याबाहेर ठेवायला तेवढ्याच जादा आधाराची गरज असते. जॅकेटमधला फोम नेमका तोच पुरवतो. त्यात हवेचे असंख्य बंद बुडबुडे असतात, त्यामुळे पाणी आत शिरत नाही. आर्किमिडीजच्या नियमानुसार फोमने एक लिटर पाणी बाजूला सारले की जवळपास एक किलोचा आधार मिळतो.

हा आधार जॅकेटवर न्यूटनमध्ये लिहिलेला असतो. 10 न्यूटन म्हणजे सुमारे एक किलो. 50 न्यूटनचे जॅकेट पोहता येणाऱ्यांसाठी आणि मदत हाकेच्या अंतरावर असेल तेव्हाच. पोहता न येणाऱ्याने किमान 100 न्यूटनचे, मानेमागे कॉलर असलेले जॅकेट घ्यावे.

माप छाती आणि वजन पाहून निवडावे. सगळे पट्टे आवळून खांद्याजवळ धरून वर ओढावे. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकले तर ते सैल आहे. लहान मुलांना मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच. मोठ्यांचे जॅकेट मुलांच्या अंगातून निसटते.

साडीत शिरलेले पाणी पाण्यात असेपर्यंत माणसाला खाली ओढत नाही. पण ओले कापड पायांना गुंडाळले जाते आणि हातपाय मारता येत नाहीत. अशा वेळी पाण्यात जॅकेट चढवणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून ते काठावरच घालावे, वरून साडी किंवा शाल घेऊ नये.

फोम दबून सपाट होतो, म्हणून जॅकेटवर बसू नये. वापरानंतर सावलीत वाळवावे. कापड विटले, शिवण उसवली किंवा बक्कल तुटले की जॅकेट बदलावे.

मजुरांना पलीकडे नेणाऱ्या प्रत्येक डोंग्यात माणशी एक जॅकेट असलेच पाहिजे. त्याचा खर्च मजुरीतून कापू नये. काम देणाऱ्याने आणि प्रशासनाने तो उचलावा. जॅकेट अंगात नसेल, तर डोंगा काठावरून सोडू नका.