नॅचेझ

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी मिसिसिपी राज्यातील एक ऐतिहासिक शहर व ॲडम्स परगण्याचे मुख्य ठिकाण. लोकसंख्या १४,५२० (२०२०). हे राज्याच्या नैर्ऋत्य भागात, मिसिसिपी नदीच्या पूर्व तीरावर सु. ६० मी. उंचीच्या कड्यावर वसले असून समोरच्या तीरावर लुइझियाना राज्यातील व्हिडेलिया हे गाव आहे. कडा लोएस या वातनिक्षेपित मातीचा आहे. कोरडी असता ही माती उभ्या भिंतीसारखी टिकते, परंतु पाणी मुरताच ढासळते. उंचीमुळे शहर पुरापासून सुरक्षित राहिले. मात्र कड्याची झीज थोपविणे ही येथील जुनी चिंता आहे.

शहराचे नाव नॅचेझ या सूर्योपासक इंडियन जमातीवरून पडले. तिचे मातीच्या उंचवट्यांचे मुख्य ग्राम आजच्या शहराच्या हद्दीतच होते. फ्रेंचांनी १७१६ मध्ये येथे रोझाली किल्ला बांधला. फ्रेंच अधिकाऱ्याने तंबाखूच्या लागवडीसाठी जमातीची गावठाणाची जमीन मागितली, तेव्हा १७२९ मध्ये नॅचेझांनी उठाव करून दोनशेहून अधिक फ्रेंचांना ठार केले. त्यानंतरच्या मोहिमांत जमात उद्ध्वस्त झाली. अनेकांना गुलाम म्हणून कॅरिबियन बेटांवर विकण्यात आले व उरलेले चिकसॉ, क्रीक, चेरोकी या जमातींच्या आश्रयास गेले. पुढे हे ठाणे ब्रिटिश (१७६३) आणि स्पॅनिश (१७७९) सत्तेखाली जाऊन १७९८ मध्ये अमेरिकेच्या ताब्यात आले व नव्या मिसिसिपी प्रदेशाची पहिली राजधानी बनले.

सरकी काढण्याच्या यंत्राचा शोध (१७९३), सुपीक जमीन आणि मालवाहतुकीस सोयीची नदी यांमुळे नॅचेझ कापसाच्या व्यापाराचे केंद्र झाले. आगबोटी येण्यापूर्वी ओहायो खोऱ्यातील नावाडी सपाट तळाच्या होड्यांतून माल आणीत, माल विकल्यावर होडीचे लाकूडही विकून टाकीत आणि नॅचेझ ट्रेस या जंगलवाटेने नॅशव्हिलपर्यंत पायी परतत. कड्याखालील धक्क्याची वस्ती जुगार व गुत्त्यांसाठी कुप्रसिद्ध होती. ७ मे १८४० रोजी झालेल्या चक्री वादळात येथे ३१७ माणसे मृत्युमुखी पडली; त्यांपैकी बहुतेक नदीतील बोटींवर होती.

हे सर्व वैभव गुलामांच्या श्रमांवर उभे होते. परदेशांतून गुलाम आणण्यास १८०८ मध्ये बंदी आल्यावर व्हर्जिनिया, मेरिलँड आदी राज्यांतील गुलाम साखळदंडांनी बांधून पायी किंवा जहाजांतून दक्षिणेत आणले जात. पटकीच्या साथीच्या भीतीने १८३३ मध्ये नगरपालिकेने व्यापाऱ्यांना हद्दीबाहेर घालविले. तेव्हा हद्दीलगतच्या दुरस्त्यावर ‘फोर्क्स ऑफ द रोड’ हा बाजार भरू लागला. दक्षिणेच्या अंतर्भागात न्यू ऑर्लीअन्सखालोखाल हाच मोठा बाजार होता. येथे लिलाव क्वचितच होत. दुकानातील मालाप्रमाणे गिऱ्हाईक माणसे पारखून सौदा करी.

शहरातील प्रशस्त वाडे याच काळातील आहेत. रोझाली (१८२३), मेलरोझ आणि स्टँटन हॉल (१८५७) हे त्यांतील प्रमुख होत. लाँगवुड हा अष्टकोनी वाडा मात्र सर्वांत बोलका आहे. हॅलर नट या मळेवाल्याने फिलाडेल्फियाचा वास्तुशिल्पज्ञ सॅम्युएल स्लोन याच्याकडून त्याचा आराखडा करून घेतला व १८६० मध्ये काम सुरू केले. यादवी युद्धाला तोंड फुटताच उत्तरेकडील कारागीर परतले. बत्तीस खोल्यांपैकी तळघरातील नऊच पूर्ण झाल्या आणि वरचे मजले अद्यापि अपुरेच आहेत. कापसाच्या तुटवड्याने या युद्धकाळात मुंबईत सट्टेबाजीची लाट उसळली व ती १८६५ मध्ये ओसरली, हे मराठी वाचकास परिचित आहेच.

नॅचेझने १८६२ मध्ये लढाईविना शरणागती पत्करल्याने वाडे बचावले. १८६३ मध्ये संघराज्याच्या फौजांनी शहराचा ताबा घेतल्यावर, नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या हातून गुलामांच्या बाजारातील इमारती पाडल्या गेल्या. येथील धर्मोपदेशक हायरम रेव्हल्स हे १८७० मध्ये अमेरिकेच्या सीनेटचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले. तथापि हे यश अल्पजीवी ठरले. १९६७ मध्ये टायर कारखान्यातील बढती स्वीकारणाऱ्या व्हार्लेस्ट जॅक्सन या नागरी हक्क कार्यकर्त्याचा मोटारीतील बाँबने बळी घेतला.

आर्थिक मंदीच्या काळात, १९३२ पासून, स्थानिक उद्यानमंडळाच्या स्त्रियांनी वसंत ऋतूत वाडे पाहुण्यांना खुले करण्याची प्रथा पाडली व पर्यटन हा शहराचा मोठा आधार बनला. या सोहळ्यात दीर्घकाळ झुंबरे, पोशाख व मेजवान्या यांचेच कौतुक झाले. ज्यांनी विटा भाजल्या व कापूस वेचला त्यांचा उल्लेख क्वचितच असे. ही उणीव भरून काढण्यास १९८८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाने हातभार लावला आहे. मेलरोझ व रोझाली किल्ल्याची जागा यांबरोबरच विल्यम जॉन्सन या मुक्त कृष्णवर्णीय नाभिकाचे घरही त्यात आहे. स्वतः गुलामीतून सुटलेला जॉन्सन पुढे गुलामांचा मालकही होता. १८३५ ते १८५१ या काळातील त्याची रोजनिशी १९५१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि शहराच्या दैनंदिन जीवनाचे ते अनमोल साधन ठरले. गुलामांच्या बाजाराची जागा २०२१ मध्ये उद्यानात समाविष्ट झाली. तेथे एकही जुनी इमारत उरलेली नाही. माहितीफलक आणि काँक्रीटमध्ये बसविलेल्या बेड्या तेवढ्या दिसतात.

नॅचेझ ट्रेसच्या मार्गावरून आखलेला सु. ७१५ किमी. लांबीचा राष्ट्रीय रस्ता २००५ मध्ये पूर्ण झाला. त्याच्यालगत, शहराच्या ईशान्येस असलेला एमरल्ड माउंड हा मातीचा उंचवटा नॅचेझांच्या पूर्वजांनी रचलेला असून काहोकियाच्या उंचवट्याखालोखाल देशातील सर्वांत मोठा मानला जातो.