निर्वासितांचे उच्च शिक्षण आणि विद्यार्थ्यांची वर्गणी

१९७१ साली पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी माणसे भारताच्या आश्रयाला आली. त्यांच्या पोटापाण्याचा भार उचलण्यासाठी त्या वर्षीच्या १५ नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावण्याची सक्ती झाली, आणि ती ३१ मार्च १९७३ पर्यंत चालू राहिली. आपल्यांतील वडीलधाऱ्यांना ते तिकीट आठवत असेल. पाच पैसे देणे कोणालाही जड नव्हते. मात्र ते साऱ्यांनी द्यावयाचे होते, आणि पत्र लिहिणाऱ्याच्या मनात त्या दिवशी दया जागी आहे की नाही, असा प्रश्न त्यात उद्भवतच नव्हता. साहाय्याचा हा प्रकार दानाहून वेगळा आहे. याच तत्त्वावर कॅनडातील विद्यार्थ्यांनी जे कार्य उभे केले आहे, त्याचा परिचय करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम दोन शब्दांतील भेद ध्यानी घ्यावयास हवा. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपायी छळ होईल अशा सकारण भीतीने जो आपल्या देशाबाहेर आहे आणि ज्याला त्या देशाचे संरक्षण लाभत नाही, तो निर्वासित, अशी व्याख्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने केली. ज्याने आश्रय मागितला आहे, पण ज्याच्या अर्जाचा निर्णय अजून लागलेला नाही, तो आश्रयार्थी होय. भारताने या करारावर स्वाक्षरी केलेली नाही. तरीही आश्रय देण्याची परंपरा येथे जुनी आहे. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित काही वर्षे राहिले. त्यांत स्त्रिया व मुले बहुसंख्य होती, आणि त्या छावणीत मुलांसाठी शाळाही चालत.

अन्न, वस्त्र आणि निवारा यांची सोय झाली की आपले कर्तव्य संपले, असे बहुधा मानले जाते. तथापि निर्वासिताचे आयुष्य छावणीत महिनेच्या महिने नव्हे, तर वर्षेच्या वर्षे जाते. केनियातील दादाब येथील छावण्या १९९१ साली आणि काकुमा येथील छावणी १९९२ साली उभी राहिली. तेथे जन्मलेली मुले आता स्वतः आईबाप झाली आहेत. अशा ठिकाणी माध्यमिक शिक्षण पुरे करणारा विद्यार्थी मोठ्या जिद्दीचाच असावा लागतो. पण पुढे दार बंद असते. शुल्काला पैसा नसतो, प्रवासाला पारपत्र नसते, आणि छावणीबाहेर जावयाचे तर परवानगी लागते. काही वर्षांपूर्वीपर्यंत जगातील निर्वासित तरुणांपैकी जेमतेम एक टक्का उच्च शिक्षणापर्यंत पोहोचत होते. २०३० पर्यंत हे प्रमाण १५ टक्क्यांवर न्यावे, असे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाने पुढे ठेवले आहे.

विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांस हात देण्याची कल्पना मात्र नवी नाही. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नातील विद्यार्थ्यांची उपासमार होऊ लागली, तेव्हा १९२० साली इतर देशांतील विद्यार्थ्यांनी त्यांच्यासाठी निधी जमविला. त्या कार्यातूनच पुढे वर्ल्ड युनिव्हर्सिटी सर्व्हिस ही संस्था आकारास आली. तिच्या कॅनडातील शाखेने १९७८ साली निर्वासित विद्यार्थ्यांसाठी एक योजना सुरू केली. खाजगी नागरिकांच्या गटाने निर्वासिताची जबाबदारी पत्करल्यास त्याला देशात वसविता येईल, अशी तरतूद कॅनडाच्या नव्या कायद्याने त्याच सुमारास केली होती.

योजनेची रीत सोपी आहे. एखाद्या विद्यापीठातील विद्यार्थी मतदान घेऊन ठरवितात की, प्रत्येकाने शुल्कासोबत काही डॉलर निर्वासित सहाध्यायासाठी द्यावयाचे. उदाहरणादाखल, दहा हजार विद्यार्थ्यांनी प्रत्येकी पाच डॉलर दिले, तर पन्नास हजार डॉलर जमतात. विद्यापीठही पुष्कळदा शुल्कात किंवा निवासात सवलत देते. आश्रयाच्या देशातील छावणीत वा शहरात उमेदवारांची गुणवत्ता, भाषा व मुलाखत यांवरून निवड होते. निवडलेला विद्यार्थी कॅनडात येतो तो कायम रहिवासी म्हणून. शिक्षण संपल्यावर परत कोठे जावयाचे, ही टांगती तलवार त्याच्या डोक्यावर राहत नाही. इतर शिष्यवृत्त्यांहून या योजनेचे वेगळेपण यातच आहे.

विद्यार्थ्यांची स्थानिक समिती विमानतळावर त्याचे स्वागत करते. बँकेत खाते उघडणे, विषय निवडणे, डॉक्टर गाठणे, हिवाळ्यासाठी जाड कोट घेणे, या सर्व गोष्टींत पहिले वर्षभर ती सोबत असते. या मार्गाने आजवर दोन हजारांहून अधिक तरुण कॅनडात पोहोचले आहेत.

ब्रिटनमधील प्रश्न निराळा आहे. तेथे आश्रयार्थी आधीच शहरात राहत असतो. पण निर्णय लागेपर्यंत त्याला सामान्यतः नोकरी करता येत नाही, आणि इंग्लंडमध्ये विद्यापीठात प्रवेश घ्यावयाचा तर त्याच्याकडून सहसा परदेशी विद्यार्थ्याचे जबर शुल्क मागितले जाते. नॉटिंगहॅम विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी १९९४ साली स्टार ही संघटना स्थापिली. तिच्या शाखा आश्रयार्थींना संभाषणापुरते इंग्रजी शिकवितात, आणि आपापल्या विद्यापीठाने अशा विद्यार्थ्यांना शुल्कमाफी व शिष्यवृत्ती द्यावी, यासाठी आग्रह धरतात. अनेक विद्यापीठांनी ते मान्यही केले आहे.

या कार्याच्या मर्यादा झाकण्याचे कारण नाही. दोन हजार ही संख्या लाखोंच्या छावण्यांपुढे नगण्य आहे. ज्याची निवड होत नाही त्याच्या निराशेवर कोणापाशी उपाय नाही. मुली माध्यमिक शाळेतूनच गळतात, म्हणून त्यांच्यासाठी छावण्यांत जादा वर्ग चालवावे लागतात. शिवाय विद्यार्थी समितीतील मंडळी पदवी घेऊन दर वर्षी पांगतात. आजचा उत्साह उद्या टिकेल याची हमी नसते. या शेवटच्या अडचणीवरच वर्गणी हा तोडगा आहे. एकदा मतदानाने ठरलेली वर्गणी, ती ठरविणारे गेल्यावरही चालू राहते. येणाऱ्या मुलाचे भवितव्य कोणाच्या लहरीवर राहू नये, ही दृष्टी तीमागे आहे.

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण आपण मुलांकडून वहीत लिहून घेतो. तळे साचते ते थेंब नित्य पडत राहिल्यामुळे, हा तिचा अर्थ मात्र सांगावयाचा राहून जातो. आपल्या शाळेत प्रवेशाच्या वेळी आपण पहिल्याने मागतो तो जुन्या शाळेचा दाखला. घर सोडून पळालेल्या मुलापाशी नेमका तोच कागद नसतो. असे मूल उद्या आपल्या दाराशी उभे राहिले, तर दाखल्याविना त्याला कोणत्या वर्गात बसवावयाचे आणि त्याच्या पुस्तकांचा खर्च कोणत्या निधीतून करावयाचा, हे ते येण्यापूर्वीच ठरवून ठेवणे शाळेच्या हाती आहे.